पूजेत बसलेला कॉम्प्युटर

आमच्या घरात खंडेनवमीला कोणती वस्तू पूजेला बसणार हे आई ठरवते. तिचा नियम एकच आहे: वर्षभर जी घरासाठी राबली ती वस्तू. त्यामुळे विळी, पक्कड, हातोडी, टेस्टर, माझी स्कूटर आणि माझा कॅल्क्युलेटर हे दरवर्षीचे मानकरी. फ्रीज बसत नाही, कारण तो आईच्या मते नुसता उभा असतो. टीव्हीचं नाव मी एकदा सुचवलं होतं. "तो काय काम करतो?" असं तिनं विचारलं आणि विषय संपवला.

त्या वर्षी हॉलच्या कोपऱ्यातला कॉम्प्युटर पहिल्यांदा पूजेत आला. ही त्याची बढती होती. मुळात तो मुलीच्या अभ्यासासाठी घेतलेला. मुलगी शिकायला बाहेरगावी गेली, जाताना तिनं लॅपटॉप मागून घेतला, आणि हा टेबलावरचा अवजड गडी घरीच राहिला. माझ्या मते तो विकायला हवा होता. पण पत्नीनं एका शिकवणीला जाऊन त्याच्यावर टॉवेल-नॅपकिनची डिझाइनं काढायला शिकून घेतलं आणि एका कारखान्याचं काम घरी आणायला सुरुवात केली. म्हणजे घरात जी वस्तू मी भंगारात काढली होती तीच आईच्या नियमात चपखल बसली. माझ्या हिशेबात अशी चूक सहसा होत नाही.

काम बहुतेक नकलेचं असायचं. कारखान्याचे मालक जुना टॉवेल पाठवायचे आणि म्हणायचे, "वहिनी, हाच मोर, फक्त मान जरा जाड." ती मान जाड करून द्यायची. मोर, हत्ती, कमळ, परत मोर. मग एक दिवस तिनं स्वतःच्या मनानं एक डिझाइन काढलं: नॅपकिनच्या कोपऱ्यात एक डाळिंब, वर त्याचा मुकुट. तिचं माहेर सांगोल्याचं. घरामागे डाळिंबाची बाग. पाणी नसेल त्या वर्षी टँकर आधी बागेला आणि मग माणसांना, अशा घरातली ती. डाळिंब कसं दिसतं हे तिला कुणी शिकवायची गरज नव्हती.

मालकांना डिझाइन पसंत पडलं, पण एक अडचण निघाली. पडद्यावरचा एक चौकोन म्हणजे कापडातला एक उभा आणि एक आडवा धागा भेटतात ती जागा. मुकुटाची टोकं एकेका चौकोनाची होती. मालक म्हणाले, "इतकी बारीक टोकं टॉवेलच्या लवेत बुडून जातील. जाड करा. दसऱ्याच्या मुहूर्ताला मागावर हेच चढवू."

हा मुहूर्त समजून घ्यायला हवा, कारण पुढचं सगळं त्याच्यावर आहे. दसरा हा साडेतीन मुहूर्तांतला एक अख्खा मुहूर्त. दिवसभरात केव्हाही आरंभ करावा, पंचांगाची काही हरकत नसते. मालक पंचांगापेक्षा कडक. त्यांच्याकडे माग सुरू होणार तो दुपारी बाराच्या आत, आणि मुहूर्ताला जे चढेल तेच दिवाळीचा माल संपेपर्यंत चालणार. तोवर फाइल हातात आली तर डाळिंब; नाही आली तर मोर, तो त्यांच्याकडे कायम तयार असतो. पत्नीच्या दृष्टीनं प्रश्न इतकाच होता, की यंदा सोलापुरातून बाहेर पडणाऱ्या नॅपकिनांवर तिचं स्वतःचं काही असणार, की पुन्हा दुसऱ्याच्या मोराची जाड मान.

खंडेनवमीच्या दिवशी ती मुकुटाची टोकं जाड करत बसली होती. तेवढ्यात आई ताट घेऊन आली.

"ऊठ आता. पूजा करायची आहे."

"पाचच मिनिटं, आई."

"तुझी पाच मिनिटं मी सकाळपासून बघतेय. ऊठ की."

पत्नी उठली. मशीन बंद केलं असतं तर पुन्हा सगळं उघडत बसावं लागलं असतं, म्हणून तिनं ते नुसतं झोपवलं, म्हणजे स्लीपवर टाकलं. फाइल सेव्ह करायची राहिली.

"बंद केलास ना?" आईनं विचारलं.

"झोपवलाय."

"झोपू दे बापडा. वर्षभर राबलाय."

मी त्या वेळी खाली स्कूटरला झेंडूचा हार बांधत होतो आणि पत्नी लगेच स्वयंपाकघरात गेली. पूजा आईनं एकटीनं केली. मी वर आलो तेव्हा कॉम्प्युटरच्या खोक्यावर विभूतीचे तीन पट्टे होते, स्क्रीनला हार होता, की-बोर्डवर शेवंतीची फुलं होती आणि माउस विड्याच्या पानावर बसला होता. एकंदर थाट असा, की एवढा मान मला माझ्या कचेरीत कधी मिळालेला नाही.

आता आमच्याकडची रीत अशी, की नवमीला पूजेत बसलेली वस्तू दसऱ्याला नैवेद्य दाखवून, अक्षता टाकून, जागची जराशी सरकवायची. याला पूजा हलवणं म्हणतात. तोवर तिला हात लावायचा नाही. आई मूळची अक्कलकोटकडची. तिथं या बाबतीत सवलत देण्याची पद्धत नाही.

दसऱ्याच्या सकाळी पत्नीनं आई देवघरात असल्याची खात्री केली, एक फूल बाजूला सारलं आणि स्पेसबार दाबला. खोक्यातला पंखा घरघरला. पडदा काळाच राहिला.

"अहो," ती म्हणाली.

लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर 'अहो'चे प्रकार कळतात. हा भाजी करपल्याचा नव्हता.

मी खुर्ची ओढून बसलो. माझी पद्धत साधी आहे: एका वेळी एकच गोष्ट तपासायची आणि तिचा निकाल लागल्याशिवाय पुढची घ्यायची नाही. दोष एक तर खोक्यात, नाही तर पडद्यात, नाही तर दोघांमधल्या वायरीत. खोका जागा आहे का, हे बघायला कॅप्स लॉक दाबून पाहायचं असतं; त्याचा दिवा लागला तर आत सगळं शाबूत. कॅप्स लॉकवर शेवंती होती. मी फूल न हलवता करंगळीनं बटण दाबलं. दिवा लागला. पुन्हा दाबलं, विझला.

"खोका जागा आहे," मी म्हणालो. "तुझं डाळिंब आत आहे."

"आत असून काय उपयोग? मला दिसायला नको?"

"अंदाजानं सेव्ह कर ना. बटणं ठाऊक आहेत तुला."

"केलं तीनदा. पण काल मध्येच एक चौकट उघडी राहिली होती. तिला 'हो' म्हणायचं की 'नाही', मला काय कळतं? चुकून भलतंच म्हटलं तर?"

हे बरोबर होतं. न वाचता सही करायची नाही, हे मीच घरात सगळ्यांना शिकवलंय.

तेवढ्यात आई आली. पंख्याचा आवाज तिच्या कानानं टिपला होता.

"उठवलात त्याला?"

"आपोआप उठला," मी म्हणालो.

"आपोआप! तुझ्या बापाला आपोआप कधी जाग आली नाही, आणि हा बरा उठला."

मी तिला अडचण सांगितली. तिनं ऐकून घेतली आणि निकाल दिला: "उठलाच आहे तर असू दे. पण नैवेद्याआधी कुणी हलवायचा नाही." आणि ती आत गेली.

मी पुण्याला मेहुण्याला फोन लावला. तो कॉम्प्युटरच्याच कंपनीत आहे. तिथं नक्की काय करतो हे त्यानं मला अनेकदा समजावलंय.

"दाजी, डिस्प्ले नाही ना? मग रॅम. शंभर टक्के रॅम."

"कशावरून?"

"नेहमी रॅमच असते, दाजी. बंद करा, खोका उघडा, रॅमची पट्टी काढा आणि खोडरबरनं घासा. शाळेतला पांढरा खोडरबर. परत बसवा. बघा कसा पळतो."

"बंद केला तर तुझ्या ताईचं काम जाईल."

"मग बंद नका करू."

"बंद न करता रॅम काढू?"

मग तो म्हणाला, "दाजी, दसऱ्याच्या शुभेच्छा." त्याच्या घरी पाहुणे आले होते.

त्यानंतर मी आमच्या रस्त्यावरच्या दुरुस्तीवाल्याला फोन केला. त्यानं नीट विचारपूस केली. पंखा फिरतो का, बीप वाजते का, स्क्रीनचा दिवा लागतो का. मी वाकून पाहिलं. स्क्रीनच्या खालच्या कडेला उजव्या कोपऱ्यात एक बारीक दिवा असतो. तिथं आईचं हळदकुंकू होतं, चांगलं रुपयाएवढं. आजूबाजूला उजेड काही दिसेना.

"दिवा नाही," मी सांगितलं.

"मग स्क्रीनच गेली की ओ. पावर येत नसणार. उघडून बघावं लागंल."

"येता का?"

"आलो असतो, पण हत्यारं पूजेत हायत. आज स्क्रू ड्रायव्हरला हात लावत न्हाय आमी. उद्या येतो, सक्काळी सक्काळी."

मी त्याला काय म्हणणार? माझा टेस्टरही पूजेत होता, आणि खरं सांगायचं तर कॅल्क्युलेटरही. गावातली सगळी हत्यारं त्या दिवशी हार घालून बसलेली आणि काम करायला फक्त माणसं मोकळी. ती कामाला किती उपयोगी असतात हे त्या सकाळी दिसत होतं.

तरी मी पद्धत सोडली नाही. स्क्रीनची पिन काढली, त्याच सॉकेटमध्ये मोबाइलचा चार्जर लावला. मोबाइल चार्ज व्हायला लागला. म्हणजे वीज येतेय. पिन परत लावली. पडदा काळा, दिवा नाही. दोघांमधली वायर दोन्ही टोकांना दाबून पाहिली; घट्ट होती. मग मला वाटलं, तीच वायर टीव्हीला लावून बघावी. टीव्हीवर चित्र आलं तर स्क्रीनचा दोष पक्का आणि कामही टीव्हीवरच उरकेल. वायर ताणली. वीतभर कमी पडली.

"खोका वीतभर पुढं घेतला तर पोचेल," पत्नी म्हणाली.

आम्ही दोघांनी स्वयंपाकघराकडे पाहिलं. आतून आईचा आवाज आला, "हलवायचा नाही म्हटलं ना?" ती आमच्याकडे पाठ करून बसलेली होती.

आता उरला एकच निष्कर्ष आणि तो तर्काला धरून होता. खोका शाबूत, वीज शाबूत, वायर शाबूत, दिवा लागत नाही. म्हणजे स्क्रीन मेली. दसऱ्याला खरेदी शुभ, दुकानं उघडी. मी शर्ट बदलला. पत्नी घड्याळाकडे बघत नव्हती, पण बघत नाहीये हे दिसत होतं.

"मालकांना फोन करून सांगू का, की मोर लावा?" ती म्हणाली.

"मी जाऊन येतो की."

"बाजारात आज गर्दी किती असेल. तुम्ही दुकानात गेलात की आधी तीन कंपन्यांची तुलना करणार. मग वॉरंटी वाचणार."

मी नेमकं तेच करणार होतो. पायात चप्पल सरकवली तेव्हा आई दारात आली.

"सणाच्या दिवशी कुठं निघालास?"

"स्क्रीन आणायला. ही मेली."

"मेली? काल तर मिचमिच करत होती."

"काय करत होती?"

"मिचमिच. हितं खाली डोळा हाय की तिचा." घाईत असली की आई माहेरच्या बोलीवर जाते. "बाकी सगळा काळा दगड. कुंकू लावायचं तर कुटं लावायचं? जिवंत तेवढंच दिसत होतं, म्हणून तितंच लावलं."

"आणि मग?"

"मग काय! बोट टेकवलं तशी मिचमिच थांबली. गप झाली. म्हटलं, पावलं."

आमच्या घरात स्क्रीनचं बटण कुणी दाबत नाही. चालू-बंद जे काय ते भिंतीवरच्या बटणानं. त्यामुळे तो बारीक दिवा म्हणजे नुसता दिवा, अशी मी समजूत करून घेतली होती. तो दिवा हेच बटण होतं. झोपलेल्या मशीनचा मिचमिचणारा दिवा आईला डोळा वाटला. तिनं मनोभावे अनामिका टेकवली, स्क्रीन बंद झाली, आणि वरून कुंकवाचा लेप बसल्यामुळे ती बंद आहे की मेली आहे हे बाहेरच्याला कळायची सोय राहिली नाही. मेहुण्याला विचारलं, दुरुस्तीवाल्याला विचारलं, सॉकेटलासुद्धा विचारलं. ज्या बाईनं त्या यंत्राला शेवटचा हात लावला होता तिला विचारावं, असं माझ्या पद्धतीत कुठं आलं नव्हतं.

मी बोट पुढं केलं.

"बेड, बेड!" आई ओरडली. कानडीत 'नको, नको'. "पूजा हलवली नाही अजून. कुंकू मोडतोस?"

"आई, मग हलवा ना पूजा," पत्नी म्हणाली. "आत्ताच."

"हलवते की. नैवेद्य आण. पुरण कुठाय?"

पुरणाची डाळ सकाळपासून पाण्यात होती आणि तिच्याकडे बघायला कुणाला सवड झाली नव्हती. सासू सुनेकडे बघत राहिली, सून पडद्याकडे. मी मध्ये पडलो नाही. या जागी कोणताही पुरुष शहाणपणानं पडत नाही.

"गूळ आण," शेवटी आई म्हणाली. "पण पुरणपोळी झाली पाहिजे आज. उशिरा का होईना."

"झाली समजा."

गुळाचा खडा ठेवला गेला. आईनं पाणी फिरवलं, अक्षता टाकल्या आणि पूजा हलवण्यासाठी खोक्याला दोन्ही हात घातले.

"आई, वायर!" आम्ही दोघं एकदम ओरडलो.

"ओरडता काय? मला काय अक्कल नाही?" तिनं खोका तिळाएवढा सरकवला. पंखा फिरतच होता. मग तिनं कुंकवावर अनामिका ठेवली आणि दाबली.

पडद्यावर डाळिंब आलं. मधोमध ती उघडी राहिलेली चौकटही होती, आणि ती विचारत होती, की केलेले बदल टाकून द्यायचे का. पत्नीनं ते वाचलं आणि माझ्याकडे पाहिलं. मग अगदी सावकाश, एकेक बटण बघत, तिनं फाइल सेव्ह केली आणि पेन ड्राइव्हवर घेतली.

"एवढ्यासाठी?" आई पडद्याकडे बघत म्हणाली आणि डाळ शिजत घालायला गेली.

स्कूटरची पूजा हलवायची राहिली होती. ते आईच्या लक्षात यायच्या आत आम्ही निघालो. हार तसाच होता. रस्त्यावर कुणाला ते वावगं वाटलं नाही. त्या दिवशी सगळीच वाहनं नवरदेव असतात.

कारखान्यात बारा वाजायला आले होते. मालक धुतलेल्या पांढऱ्या कपड्यात मागाजवळ उभे होते, हातात नारळ. मोराची फाइल जॅकार्डला, म्हणजे मागावरच्या नक्षी विणणाऱ्या यंत्राला, लावायला कामगार पुढं झालाच होता.

"आलात? मी म्हटलं, वहिनी काही येत नाहीत आता," मालक म्हणाले. "काय झालं?"

"पूजा चालू होती," मी म्हणालो. त्यांनी आदरानं मान हलवली.

पेन ड्राइव्ह लागला, नारळ फुटला, माग सुरू झाला. यंत्रमागाच्या आवाजात बोलता येत नाही हे बरंच असतं. पत्नी मागाच्या तोंडाशी उभी राहून कापड इंचाइंचानं वर येताना बघत होती. आधी किनार आली, मग डाळिंबाचा तळ, मग पोट. लाल रंग झकास बसला होता. शेवटी मुकुट आला.

मालकांनी मान तिरकी केली, बोटानं लव चाचपली आणि तिच्या कानाशी येऊन मोठ्यानं म्हणाले, "टोमॅटो छान आलाय, वहिनी!"

मी पुन्हा पाहिलं. त्यांचं चूक नव्हतं. जाड केलेली टोकं लवेत आणखी फुगली होती आणि पसरून अगदी टोमॅटोच्या देठासारखी दिसत होती. जुन्या सेव्ह केलेल्या फाइलमधली टोकं बारीक होती. ती लवेत बुडाली असती तर निदान नुसतं गोल फळ राहिलं असतं. आम्ही सकाळभर जी वाचवली ती नेमकी हीच दुरुस्ती.

"डाळिंब हाय ते!" पत्नी म्हणाली. राग आला की तीही सांगोल्याला जाते. "टोमॅटो न्हाय! बागेतलं डाळिंब हाय!"

"तेच, तेच. डाळिंब." मालकांनी माग थांबवायची खूण केली. एकदम शांत झालं आणि आजूबाजूचे कामगार आमच्याकडे बघू लागले. "हे बघा वहिनी, मुहूर्ताचा माग थांबवलेला मला आवडत नाही. पण चित्र तुमचं. तुम्ही म्हणाल तर आत्ता मोर लावतो, हे दुरुस्त करून पुढच्या वर्षी चढवू. नाही तर हेच चालू दे. टोमॅटो म्हणून विकलं जाईल, खपेल मात्र."

पत्नी वाकली. तिनं मुकुटावरून बोट फिरवलं, एकदा सुलट, एकदा उलट. मला तिला सांगायचं होतं, की मधली दोन टोकं एकेक चौकोनानं कमी केली तर डाळिंब परत मिळेल. पण ते तिला माझ्याआधी कळलं असणार.

"नॅपकिनवर चित्र काढणाऱ्याचं नाव येतं का हो?" तिनं विचारलं.

"नाव?" मालक हसले. "आमचंच येत नाही धड. लेबल असतं, तेही पहिल्या धुण्यात निघतं."

"मग चालू द्या," ती म्हणाली.